यादीत मीठ लिहायचे राहिले!

तुमची आई कुणाला फोनवरून चकलीच्या भाजणीचे प्रमाण सांगत असेल, तर एकदा कान देऊन ऐका. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धने, जिरे हे सगळे ती बिनचूक सांगेल. मग तीळ, ओवा, तिखट, मोहन. आणि मीठ? ते पुष्कळदा राहूनच जाते. आई विसराळू आहे असे मुळीच नाही. मिठाची बरणी वर्षानुवर्षे तिच्या हाताशी असते, म्हणून ती यादीत येतच नाही.

संगणकासाठी आज्ञावली लिहिणारी भलीभली माणसे हीच चूक करतात. कोणतीही आज्ञावली एकटी चालत नाही. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार आज्ञावल्या, म्हणजेच ‘पॅकेजे’, तिला लागतात. त्यांची यादी तिच्यासोबत द्यावी लागते. यादीत एक जरी नाव राहिले, तरी लिहिणाऱ्याच्या संगणकावर सारे सुरळीत चालते आणि दुसऱ्याच्या संगणकावर अडते.

माझी भाची आठवीत आहे. शाळेच्या पर्जन्यमापकाच्या जून ते सप्टेंबर अशा १२२ दिवसांच्या नोंदी तिने घेतल्या आणि ‘पायथन’ भाषेत आज्ञावली लिहिली. काम सरासरी काढायचे आणि आलेख दाखवायचे. सोबतच्या यादीत एकच नाव होते, ‘पांडाज’. घरी सगळे झकास चालले. प्रदर्शनाच्या दिवशी सरांनी यादीप्रमाणे शाळेच्या संगणकावर पांडाज बसवले. सरासरी पडद्यावर आली, पण आलेखाची पाळी येताच आज्ञावली थांबली. ‘मॅटप्लॉटलिब’ हवे, असा निरोप आला. पाहुणे यायला पाऊण तास उरला होता आणि सभागृहात इंटरनेट नव्हते. बिचारीने आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने आलेख काढला. (तो सुरेख आला होता, पण तिचे डोळे भरून आले होते ते काही लपले नाही.)

झाले होते असे. पांडाज स्वतः आलेख काढत नाही, ते काम मॅटप्लॉटलिबकडून करून घेते. पण ज्यांना आलेख नको त्यांच्यावर बोजा नको, म्हणून पांडाज बसवताना मॅटप्लॉटलिब आपोआप येत नाही. घरच्या संगणकावर ते सहा महिन्यांपूर्वी भलत्याच कामासाठी बसवलेले होते. तीच ही मिठाची बरणी!

आता तुम्ही म्हणाल, आज्ञावली नीट वाचून यादीशी ताडून पाहिली की झाले. तशी साधने आहेत. आज्ञावलीत कोणकोणत्या पॅकेजांना हाक मारली आहे ते वेचून ती यादीशी जुळवतात. पण भाचीच्या आज्ञावलीत मॅटप्लॉटलिब हा शब्द एकदाही नव्हता! शिवाय हाक मारायचे नाव आणि दुकानातले नाव वेगळे असू शकते. पायथनमध्ये ‘पीआयएल’ अशी हाक मारायची असेल, तर बसवावे लागते ‘पिलो’. घरात ‘बाळू’ आणि हजेरीपटावर ‘बाळकृष्ण’, तशातला प्रकार.

तेव्हा खरी परीक्षा एकच. रिकाम्या स्वयंपाकघरात जायचे, यादीतलेच सामान आत न्यायचे आणि चकली करून पाहायची. १९९३ साली इयान मर्डॉक यांनी सुरू केलेल्या ‘डेबियन’ या प्रकल्पात हेच करतात. २०२३ साली निघालेल्या त्याच्या १२ व्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. प्रत्येक पॅकेज बांधायला काय लागते याची यादी त्याच्यासोबत असते. बांधणी करणारे संगणक आधी जवळजवळ रिकामी जागा तयार करतात, तीत यादीतले तेवढेच बसवतात आणि बांधायला घेतात. काही राहिले असेल तर बांधणी तिथेच कोसळते. सी भाषेचा अनुवादक, ‘मेक’ अशी थोडी साधने मात्र यादीत लिहायची नाहीत, ती धरलेलीच असतात. चूल आणि पाणी कुणी यादीत लिहिते का? मुख्य विभागातल्या पॅकेजांना बांधणीच्या वेळी इंटरनेटकडे हात पसरायलाही मनाई आहे. नाहीतर राहिलेली वस्तू गुपचूप बाहेरून आणली जायची.

या ‘मेक’चीही गंमत ऐका. १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते तयार केले. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी एक अख्खी सकाळ चूक शोधण्यात घालवली होती. चूक आधीच दुरुस्त झाली होती, पण दुरुस्त फाइलचा पुन्हा अनुवाद करायचा राहिला होता आणि जुनाच अनुवाद वापरला जात होता! म्हणून कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे ते लिहून ठेवायचे, आणि मूळ बदलले की त्यावरचे सारे मेकने पुन्हा करायचे, अशी योजना झाली. पण ही यादीही अपुरी राहू शकते. कामे नेहमी एकाच क्रमाने होत असली, तर राहिलेली नोंद योगायोगाने खपून जाते. म्हणून २०२२ साली ‘ग्नू मेक’च्या ४.४ आवृत्तीत एक सोय आली. कामांचा क्रम पत्त्यांसारखा पिसायचा! पिसल्यावर काम बिघडले तर समजावे, कुठली तरी नोंद राहिली आहे.

मला सर्वांत आवडते ती युक्ती ‘निक्स’ची. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ साली आपल्या प्रबंधात ती सविस्तर मांडली. निक्समध्ये पॅकेजे नेहमीच्या सामाईक कपाटात नसतात. प्रत्येकाची खोली वेगळी, आणि खोलीच्या नावात ३२ चिन्हांचा ठसा. ते पॅकेज ज्या ज्या सामग्रीतून बनले, तिच्यावरून गणिताने हा ठसा काढतात. सामाईक कपाटच नसल्यामुळे न लिहिलेली वस्तू सहजासहजी हाती लागत नाही. आणखी पुढे, तयार झालेली फाइल उघडून तिच्यात सामग्रीपैकी कुणाचा ठसा उमटला आहे का ते शोधतात. सापडला की ते पॅकेज चालवतानाही लागणार असे धरायचे. १० अंक आणि २२ अक्षरे यांतून ३२ चिन्हांचे जितके ठसे होतात, ती संख्या एकावर ४८ शून्यांहून मोठी आहे. योगायोगाने ठसा जुळण्याची भीती नको! मात्र फाइल दाबून लहान केलेली असेल तर आतला ठसा दिसत नाही, आणि ही युक्ती फसते.

कोसळते ती चूक एकपरी बरी. गप्प राहते ती वाईट. चित्रे दाखवणारी एखादी आज्ञावली बांधणीच्या वेळी ‘जेपेग’ चित्रे वाचणारे पॅकेज आहे का ते चाचपते. असले तर वापरते, नसले तर मुकाट्याने पुढे जाते. रिकाम्या खोलीत बांधणी यशस्वी होते आणि चित्रे मात्र दिसत नाहीत. यावर उपाय म्हणजे ‘हे हवेच, नसेल तर थांब’ असे आधीच बजावून ठेवणे.

करून पाहायचे आहे? पायथनसोबत ‘व्हेन्व्ह’ नावाची सोय येते. तिने नवे, रिकामे दालन तयार करा. त्यात आपल्या यादीतले तेवढेच बसवा आणि आज्ञावलीचे प्रत्येक काम एकेकदा चालवून पाहा. नुसती सुरू होते का एवढे पाहून थांबू नका. भाचीची सरासरी येत होतीच की!

तिनेही सुट्टीत हे केले. यादीत दोन नावे झाली, दालनात आलेखही आला. मग तीच यादी घेऊन ती मैत्रिणीच्या घरी गेली. आलेख तिथेही आला, पण खाली ‘जून’, ‘जुलै’ लिहिलेले होते त्या जागी रिकामे चौकोन! देवनागरी अक्षरांचा फाँट मैत्रिणीच्या संगणकात नव्हता. फाँट हे काही पायथनचे पॅकेज नव्हे, त्यामुळे रिकाम्या दालनालाही तो घरच्या संगणकातूनच मिळाला होता. आता तिच्या यादीखाली निळ्या शाईने तिसरी ओळ आहे, आणि फाँटची फाइल तिने आज्ञावलीच्याच फोल्डरमध्ये ठेवली आहे.