धान राखा, पण खांबावरची तार नको

धान निसवायला लागला की जंगलालगतच्या बांधीवाल्याची झोप उडते. सिंदेवाही, नागभीड, मूल, सावली घ्या, नाही तर वैनगंगेपलीकडचं आरमोरी, धानोरा, चामोर्शी घ्या, गोष्ट एकच. सायंकाळी चितळांचा कळप धुऱ्यावर उभा आणि सकाळी अर्धी बांधी खुडलेली. रात्री रानडुकरं आली तर खाल्लं त्याच्या दुप्पट तुडवलेलं. तिकडे वरोरा, भद्रावती, चिमूरच्या काळ्या जमिनीत तूर, सोयाबीन आणि हरभऱ्यावर रोही तुटून पडतात. पऱ्हे टाकल्यापासून पुंजणे रचेपर्यंत राखणच राखण. मग एखाद्या दिवशी माणूस वैतागतो, खांबावरून आकडा टाकतो आणि धुऱ्यावरच्या तारेत सरळ वीज सोडतो.

हा लेख त्या तारेबद्दल आहे. पीक राखू नका असं कोणी सांगणार नाही. जंगलाच्या कडेला राहून पीक न राखणारा शेतकरी उपाशी मरेल. पण त्या तारेपेक्षा चांगले आणि टिकणारे उपाय आहेत, ते नीट समजून घ्या.

आधी तार काय करते ते पाहू. जिथे चितळ तिथे त्याच्या मागावर वाघ, हे आपल्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. चितळासाठी लावलेली तार वाघ ओळखत नाही आणि तार वाघाला ओळखत नाही. उमरेड-कऱ्हांडल्याच्या 'जय' वाघाचा बछडा 'श्रीनिवास' म्हणून ओळखला जायचा. एप्रिल २०१७ मध्ये नागभीडच्या परिसरात आधी त्याच्या गळ्यातला रेडिओ पट्टा सापडला, मग पुरलेला वाघ सापडला. तो शेताच्या वीज सोडलेल्या तारेला लागून मेला होता. वाघ मेला की चौकशी होते, बातमी होते. पण याच तारांनी शेजारचा शेतकरी, पहाटे पाणी पाहायला गेलेला घरचा माणूस, बैल, गाय किती नेले, त्याची बातमी एका रकान्यात संपते. ओल्या पाळीवर अनवाणी पाय, हातात विळा आणि अंधार. त्या तारेला लागायला एवढं पुरेसं आहे.

कायद्याचं म्हणाल तर तीन बाजूंनी गळा आवळला जातो. चोरून वीज घेतली म्हणून विद्युत कायदा २००३ चं कलम १३५, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद. वाघ मेला तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, त्यात किमान तीन वर्षं आणि कमाल सात वर्षं शिक्षा. माणूस मेला तर सदोष मनुष्यवधापर्यंत गोष्ट जाते. चार पोती धानासाठी घरचा कर्ता माणूस तुरुंगात गेला तर पुढची रोवणी कोण करणार? फासे, विषाचे गोळे, गावठी बॉम्ब यांचंही तेच. डुकरासाठी ठेवलेला बॉम्ब चरायला सोडलेली गाय तोंडात धरते.

आता 'झटका मशीन'. पुष्कळांना वाटतं, तीही वीज आणि हीही वीज, फरक काय? फरक जीव जाण्या-न जाण्याचा आहे. घरच्या लाइनची २३० व्होल्टची वीज तारेत सोडली की ती सलग वाहते. हात लागला की स्नायू आखडतात, माणूस तार सोडू शकत नाही आणि वीज छातीतून जात राहते. झटका यंत्र काही हजार व्होल्टचा ठोका देतं, पण तो सेकंदाच्या अगदी लहानशा भागापुरता असतो, त्यातली वीज मोजकी असते आणि दोन ठोक्यांमध्ये सुमारे एक सेकंद जातो. त्या एका सेकंदात प्राणी दचकून मागे फिरतो. त्याला दुखतं, भीती बसते, पण तो मरत नाही. यंत्र १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं आणि बॅटरी सौर पाटीवर भरते. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. ओळखीच्या मिस्त्रीने घरच्या लाइनला काहीतरी जोडून 'हाच झटका' म्हणून दिलेलं यंत्र घेऊ नका. प्रमाणित यंत्र घ्या, पावती घ्या आणि तारेवर इशाऱ्याच्या पाट्या लावा.

यंत्र घेतलं म्हणजे काम झालं असं नाही. कोणता प्राणी शेतात कसा शिरतो हे पाहिल्याशिवाय तार ओढली तर पैसे पाण्यात जातात. चितळाचंच घ्या. चितळ उडी मारतं असं धरून आपण तार उंच करत जातो. मनात आणलं तर ते पाच फुटांचं कुंपण ओलांडू शकतं, हे खरं. पण शक्य असेल तिथे ते उडी मारत नाही, खालून घुसतं. मान खाली घालून दोन तारांच्या फटीतून सरपटत निघतं. म्हणून चितळासाठी वरच्या तारेपेक्षा खालच्या दोन-तीन तारा महत्त्वाच्या. जमिनीपासून सहा-सात इंचांवर पहिली तार घेतली तर डुकराच्या नाकालाही तीच लागते. त्यावर साधारण फूट-फूट अंतराने पाच फुटांपर्यंत चढत जा. रोही उंच आणि ताकदवान, त्याच्यासाठी वरची तार हवीच.

दुसरी गोष्ट आडोशाची. चितळ हा दाट जंगलाच्या पोटातला प्राणी नाही, तो जंगलाच्या कडेचा आहे. त्याला गवत लागतं आणि मागे पळून शिरायला झाडी लागते. झाडीपासून अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त दूर तो सहसा जात नाही. आपली बांधी म्हणजे त्याच्या दृष्टीने उत्तम कुरण. धानही गवताच्याच कुळातला, त्याला एचएमटी आणि कुसळी गवत यातला फरक काय कळणार! (एचएमटी धान निवडणारे दादाजी खोब्रागडे नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे, हे इथे कोणाला सांगायची गरज नाही.) म्हणून धुऱ्यावर आणि बांधीला लागून वाढलेली रायमुनिया, रानतुळस, काटेरी झुडपं दसऱ्याआधी साफ करा. रानडुक्कर तर दिवसभर अशाच झुडपात पडून असतं. लागूनची जमीन झुडपी जंगलाच्या नोंदीत असेल तर मात्र कुऱ्हाड लावण्याआधी वनरक्षकाला विचारा, नाही तर उपाय राहील बाजूला आणि गुन्हा दाखल होईल.

तारेबद्दल आणखी थोडं, कारण बहुतेक कुंपणं इथेच फसतात. पहिलं म्हणजे गवत. तारेला गवत टेकलं की वीज जमिनीत जाते आणि झटका मरतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तारेखालचं गवत कापावंच लागतं. दुसरं म्हणजे अर्थिंग. यंत्र महागाचं आणि अर्थिंगला वीतभर खिळा, असा प्रकार जागोजागी दिसतो. तीन-चार फूट खोल, एकाहून जास्त गज ठोका आणि ते बोडीच्या किंवा नालीच्या ओलीजवळ ठोका. खरिपात बांधीत पाणी असतं, तेव्हा कसंही चालून जातं. रब्बीत जमीन कोरडी होते, चितळाचा खूर कोरडा, मग झटका बसतच नाही. उतेऱ्याच्या लाखोळीवर आणि हरभऱ्यावर चितळ येतात ते नेमके याच दिवसांत, कारण जंगलातलं गवत वाळलेलं असतं आणि हिरवं फक्त आपल्या बांधीत असतं. त्यावर उपाय आहे. एक तार झटक्याची, एक अर्थची, अशा आलटून पालटून घ्या. प्राणी दोन तारांमधून घुसू लागला की दोन्हींना लागतो आणि झटका बसतो.

तिसरं म्हणजे पहिली रात्र. प्राणी नव्या तारेजवळ आला की आधी नाकाने हुंगतो. त्या पहिल्या हुंगण्यात झटका बसला तर तो धडा लक्षात ठेवतो. तार आज ओढली आणि बॅटरी पुढच्या बाजारी आणू म्हणून ठेवली, तर तेवढ्या दिवसांत डुकरं त्या तारेखालून ये-जा करायला शिकलेली असतात. मग झटका सोडूनही उपयोग नाही. केसाळ पाठीला झटका नीट बसतही नाही.

बाकीचे जुगाड सगळ्यांना ठाऊक आहेत. जुन्या साड्यांचं कुंपण, न्हाव्याकडचे केस, बुजगावणं, रिकामे डबे, चकाकणाऱ्या पट्ट्या. खोटं कशाला बोला, यातलं प्रत्येक थोडे दिवस चालतं. डुकराची नजर कमी पण नाक तिखट, त्यामुळे केस त्याच्या श्वासात जातात आणि ते बिचकतं. पाऊस पडला की केस गेले. साडीला चितळ आठ-दहा दिवस भितात, मग तिच्यावरून पलीकडे पाहायला लागतात. उपाय वाईट नाहीत, पण एकच उपाय महिनाभर त्याच जागी ठेवू नका, आणि धान दुधात असताना व कापणीच्या तोंडावर, म्हणजे खरी गरज असते तेव्हाच ते बाहेर काढा. भुईमुगाभोवती काटेरी करडईच्या चार ओळी हाही एक उपाय आहे. धानाला अर्थात तो लागू नाही.

जागलीला पर्याय नाही असं म्हातारी माणसं म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण जागल पूर्वीची राहिलेली नाही. वाघ असलेल्या शिवारात जमिनीवर झोपून जागल करू नका, एकट्याने तर नाहीच. माळा उंच हवा, चढायला शिडी हवी, आणि अंधारात धुऱ्यावर वाकून चितळ हाकायला उतरू नये. वाकलेला किंवा बसलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. चार शेतं मिळून पाळी लावा, वरूनच टॉर्च मारा, डफडं वाजवा. आपली माणसं एकमेकांच्या रोवणीला जातात, तर एकमेकांच्या जागलीला जायला काय हरकत आहे?

कुंपणाचंही तसंच आहे. दोन एकरांना एकट्याने तार ओढायची म्हटली की खर्च अंगावर येतो, आणि कळप शेजाऱ्याकडे वळतो. दुसऱ्या वर्षी शेजारी तार ओढतो, मग तिसरा. त्यापेक्षा लागून असलेल्या दहा-पंधरा बांधीवाल्यांनी मिळून बाहेरून एकच कुंपण घेतलं तर तारेची लांबी कितीतरी कमी लागते. राज्य शासनाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. रक्कम, निकष आणि गावांची यादी बदलत असते, म्हणून वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन चालू वर्षाचं पत्रक पाहा. सरपंचांनी हे काम ग्रामसभेत घेतलं तर जास्त बरं. मात्र नाल्याकाठची, जंगलाच्या एका तुकड्यातून दुसऱ्यात जाणारी जुनी जनावरवाट तारेने बंद करू नका. वाट बंद झाली की जनावरं गावातून जायला लागतात. आणि २०२१ पासून ओडिशातून छत्तीसगडमार्गे आलेले हत्ती गडचिरोलीच्या उत्तर भागात फिरताहेत. त्यांच्यापुढे ही चितळाची तार काहीच नाही. तिथे वनविभागाला कळवणं आणि वाटेतून दूर राहणं, एवढंच आपल्या हातात आहे.

तरीही नुकसान झालं तर? वनविभागाकडून भरपाई मिळते, पण ती मागावी लागते आणि वेळेत मागावी लागते. तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाकडे, वनपालाकडे किंवा वनक्षेत्रपालाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पंचनामा होईपर्यंत बांधी आवरू नका. खुरांच्या खुणा, लेंड्या, खुडलेल्या लोंब्या यांचे फोटो काढा. डुकराने उकरलेली माती आणि चितळाने वरून खुडलेले शेंडे यात फरक दिसतो, तो पंचनाम्यात लिहायला लावा. तलाठी आणि ग्रामसेवक यांची पदनामं २०२४ मध्ये बदलली, ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी झाली, पण पंचनाम्याला बोलावण्याची माणसं तीच. त्यांनाही एक विनंती. पंचनामा बसल्या जागी 'अंदाजे दहा टक्के' असा लिहू नका. शेतकरी तार लावायला जातो तो नुसता नुकसानीमुळे नाही, कागदावर नुकसान दिसत नाही म्हणूनही जातो. ठेक्याने शेती करणाऱ्यांची अडचण निराळी. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असतो, म्हणून मालकाची लेखी संमती हंगामाच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवा.

पीक विम्यातही नवी सोय आली आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान स्थानिक आपत्तीत धरण्याचं केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे, हे राज्याने ठरवायचं आहे. नुकसानीची सूचना ७२ तासांत, मोबाइलवरच्या पीक विमा अॅपमधून, जागेची नोंद असलेल्या फोटोसह द्यायची आहे. भामरागड, एटापल्लीकडच्या कित्येक गावांत रेंज मिळवायला टेकडीवर चढावं लागतं. अशा गावांनी सूचना कशी द्यायची आणि आपल्या जिल्ह्यासाठी यादीत चितळ आहे की नुसतं रानडुक्कर, हे पऱ्हे टाकायच्या आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून लेखी विचारून घ्या.