राहिलेला दुसरा भाग

माझा नातू सुट्टीत संगणकावर प्राचीन चीनमध्ये लढत असतो. 'टोटल वॉर : थ्री किंगडम्स' हा तो खेळ, मे २०१९ मध्ये एका इंग्लिश कंपनीने आणलेला. हान साम्राज्य ढासळते आहे, सरदार आपापसांत झुंजताहेत. लुओ ग्वानझोंगच्या कादंबरीप्रमाणे खेळा किंवा चेन शौच्या इतिहासाप्रमाणे, अशी मुभा. कादंबरीत एकेक वीर पलटणी लोळवतो. इतिहासात तोही साधा माणूस. माझ्यातला कादंबरीकार खूश झाला.

समीक्षकही खूश होते. सरदारांमधला स्नेह, वैर, तह यांचे त्यांनी मनापासून कौतुक केले. पहिल्या आठवड्यातच दहा लाख प्रती खपल्या. मग ऑगस्टमध्ये जोडभाग आला, तो शंभर वर्षे पुढच्या राजपुत्रांचा! लोकांचे लाडके वीर त्यात नव्हतेच. मे २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केले, यापुढे नवी भर नाही. ज्यांनी खेळ डोक्यावर घेतला होता, त्यांनीच निषेधाच्या शेऱ्यांचा पाऊस पाडला.

"खेळ तर तोच आहे ना रे?" मी विचारले.

"हो आजोबा, पण आम्ही पुढच्याची वाट बघत होतो."

मी गप्प झालो. बँकेत पाहिले होते, खाते उघडताना सगळेच गोड बोलतात. खरे काय ते बंद करताना कळते. माझ्या पहिल्या कादंबरीच्या शेवटी 'भाग पहिला समाप्त' असे छापले होते. परीक्षणे उत्तम आली. दुसरा भाग मी लिहिलाच नाही. तो कधी येणार, असे विचारणारी वाचकांची पत्रे अजून कपाटात आहेत. एकालाही मी उत्तर धाडलेले नाही.