कोस्टा रिकाचा कॉफी-उत्पादक आणि छापील भाव

आपल्या मालास बाजारांत शेवटीं काय किंमत आली आणि तिच्यांतील किती भाग मधल्यामध्यें गेला, हें कळण्याचें साधन फारच थोड्या कृषीवलांच्या हातीं असतें. मध्य अमेरिकेंतील कोस्टा रिका या लहानशा देशानें कॉफीच्या पिकापुरतें तरी असें साधन निर्माण केलें. तें कसें निर्माण झालें व त्यास कोणत्या मर्यादा पडल्या, हें वाचकांस उपयुक्त वाटेल.

उत्तरेस निकाराग्वा, आग्नेयेस पनामा, एका बाजूस कॅरिबियन समुद्र व दुसऱ्या बाजूस पॅसिफिक महासागर, अशा सीमांत हा देश वसला आहे. क्षेत्रफळ सुमारें ५१,१०० चौरस किलोमीटर. लोकसंख्या २०२२ च्या गणनेप्रमाणें ५० लाखांहून किंचित् अधिक. सान होसे ही राजधानी ज्या मध्यवर्ती खोऱ्यांत आहे, तेथेंच निम्म्याहून अधिक लोक राहतात. भाषा स्पॅनिश. प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत असावें हें तत्त्व १८६९ च्या राज्यघटनेंतच नमूद झालें, आणि आज बहुतेक सर्व प्रौढ माणसें साक्षर आहेत. १ डिसेंबर १९४८ रोजीं या राष्ट्रानें आपलें सैन्य विसर्जित केलें, व पुढील वर्षाच्या राज्यघटनेनें तें कायमचें रद्द ठरविलें.

१८२१ सालीं स्पेनचें राज्य गेल्यानंतर पहिल्या कांहीं दशकांत नव्या सरकारनें कॉफीच्या लागवडीस उत्तेजन दिलें. लागवड करणारास पडीक जमीन मिळे. ज्वालामुखीच्या राखेची सुपीक माती व डोंगरी हवा हीं या पिकास मानवलीं. १८४३ पासून विल्यम ले लाशर या गर्न्सी बेटावरील नाविकानें हा माल लंडनच्या बाजारीं नेण्यास आरंभ केला. खोऱ्यांतून पुंतारेनास बंदरापर्यंत माल नेण्याचें साधन म्हणजे बैलगाडी. तिचीं रंगीत नक्षीचीं भरीव चाकें त्या देशाचें भूषण मानलीं जातात, आणि १९८८ सालीं तिला राष्ट्रीय श्रमाचें प्रतीक म्हणून मान्यता देण्यांत आली.

जमीन अनेकांच्या हातीं राहिली, परंतु गिरण्या मात्र थोड्यांच्याच हातीं गेल्या. कॉफीचें पिकलेलें फळ तोडल्यावर लवकर सोलावें लागतें, नाहीं तर तें आंबून माल बिघडतो. धान्य घरीं ठेवून भावाची वाट पाहतां येते. कॉफीच्या फळाची तशी सोय नाहीं. त्यामुळें जवळचा गिरणीवाला देईल तो भाव घेण्यावांचून लहान उत्पादकास गत्यंतर नसे. लागवडीसाठीं कर्ज देणाराही बहुधा तोच असे.

केळ्यांच्या पिकाची गोष्ट याहून निराळी. कॅरिबियन किनाऱ्यापर्यंतच्या लोहमार्गासाठीं १८८४ सालीं मायनर कीथ या अमेरिकन कंत्राटदारास ८ लाख एकर जमीन व त्या मार्गाचा ९९ वर्षांचा हक्क मिळाला. मार्ग १८९० सालीं पुरा झाला आणि १८९९ सालीं युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. तेथें जमीन, आगगाडी व जहाज एकाच धन्याचें असल्यामुळें तेथील झगडा मजुरीचा झाला. १९३४ सालचा बागमजुरांचा मोठा संप त्यांतूनच निघाला. कॉफीचा झगडा मात्र भावाचा राहिला.

१९३३ सालीं, जागतिक मंदीच्या दिवसांत, सरकारनें कॉफी-संरक्षण संस्था स्थापन करून उत्पादक व गिरणीवाले यांचे व्यवहार कायद्याच्या कक्षेंत आणिले. १९६१ च्या कायद्यानें ती व्यवस्था पूर्णत्वास नेली. तिचें स्वरूप असें. फळ मापानें घेतलें जातें. २० लिटरच्या मापास काहुएला म्हणतात, आणि अशीं २० मापें म्हणजे एक फनेगा. तींतून सुमारें ४६ किलो सोललेली कॉफी निघते. फळ घातल्यावर उत्पादकास पावती व कांहीं उचल मिळते. विक्री होईल तसतसे पुढील हप्ते येतात. गिरणीवाल्यानें विक्रीचा हिशेब संस्थेस द्यावयाचा. त्यांतून मान्य खर्च वजा जातात. गिरणीवाल्याच्या नफ्यास ९ टक्क्यांची व निर्यातदाराच्या नफ्यास २.५ टक्क्यांची मर्यादा कायद्यानें घातली. बाकी राहील तें उत्पादकाचें. हिशेब तपासून प्रत्येक गिरणीचा अंतिम भाव ठरतो आणि तो छापून प्रसिद्ध होतो. आपल्या गिरणीचा भाव शेजारच्या गिरणीहून कमी कां, हें विचारण्यास शेतकऱ्याच्या हातीं छापील आधार येतो. दोता खोऱ्यांतील उत्पादकांनीं तर १९६० सालीं स्वतःची सहकारी संस्था काढून गिरणीच आपली केली.

छापील भाव उपयोगी पडावयाचा तर वाचणारा साक्षर व छापणारा निर्भय असावा लागतो. या देशांत पहिलें छापील वृत्तपत्र १८३३ सालीं निघालें. आज प्रमुख गणलें जाणारें ‘ला नासिओन’ १९४६ सालीं सुरू झालें. तथापि लेखणीवरही बंधनें आलीं. पत्रकार-मंडळाचा सभासद असल्यावांचून वृत्तलेखन करूं नये असा कायदा होता. आंतर-अमेरिकन मानवी हक्क न्यायालयानें १९८५ सालीं तो नापसंत केला. ‘ला नासिओन’च्या एका वार्ताहरास बदनामीबद्दल झालेली शिक्षा त्याच न्यायालयानें २००४ सालीं रद्द ठरविली. २०२२ सालीं त्या पत्राच्या मालक-संस्थेचें सभास्थान आरोग्यखात्यानें बंद केलें, तेव्हां देशाच्याच घटना-न्यायालयानें तें वृत्तस्वातंत्र्यावरील आडमार्गाचें दडपण मानलें.

मात्र कायदा किंमतीची वांटणी करूं शकतो, किंमत वाढवूं शकत नाहीं. १९८९ सालीं आंतरराष्ट्रीय कॉफी-करारांतील निर्यातीचे वांटे मोडले आणि भाव कोसळले. २०१२-१३ च्या हंगामांत तांबेऱ्यानें मळे उजाड केले. शहरांची वस्ती चढत्या किंमतीनें मळ्यांची जमीन घेत आहे. २००० च्या सुमारास ७० हजारांवर असलेली उत्पादकांची संख्या पुढील दोन दशकांत निम्म्याहूनही कमी झाली. आज देशाच्या निर्यातींत वैद्यकीय उपकरणें अग्रभागीं आहेत, आणि शेतमालांत केळीं व अननस कॉफीच्या पुढें आहेत. जन्मप्रमाण घटल्यामुळें हात कमी पडतात; फळांची तोडणी बहुतांशीं निकाराग्वाचे मजूर व पनामांतून येणारीं न्गोबे आदिवासी कुटुंबें करतात. त्यांस दर मापामागें मजुरी मिळते. अंतिम भावांतील वांटा त्यांच्यापर्यंत पोंचत नाहीं. व्यवस्थेंतील ही उणीव लहान नव्हे.

असें असूनही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. कोस्टा रिकाच्या शेतकऱ्यास दैवानें मोठी बाजारपेठ दिली नाहीं, पण हिशेब मागण्याचा हक्क त्यानें मिळविला. माल विकून पैसे घेणें ही अर्धी विक्री. तो कोठें व कितीस गेला हें लेखी मागून घेणें ही उरलेली अर्धी. ती आपण स्वतः केली नाहीं, तर दुसरा कोणी आपल्याकरितां करणार नाहीं.