वॉर्सा : पुन्हा उभारलेले जुने शहर

युरोपातील प्रेक्षणीय राजधान्या म्हटल्या की लंडन, पॅरिस, रोम ही नावे आपल्या तोंडी सहज येतात. पोलंडची राजधानी वॉर्सा मात्र ह्या यादीत फारशी आढळत नाही. आमच्या इतिहासाच्या तासाला एकदा सरांनी वॉर्साच्या जुन्या चौकाचे चित्र दाखविले. रंगीत दर्शनी भिंतींची उंच, चिंचोळी घरे, मध्ये दगडी फरसबंदी आणि हाती तलवार व ढाल घेतलेली मत्स्यकन्या. चित्र सर्वांना आवडले. मग सर म्हणाले, "हा चौक पुरा झाला १९५३ साली." मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "मग हे जुने शहर कसले? ही तर नक्कल!" वर्गात हशा पिकला. मीही हसलो, परंतु तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे.

प्रथम आपण शहरात थोडे हिंडू या. विस्तुला नदीच्या डाव्या तीरावर, थोड्या उंचवट्यावर जुने वॉर्सा वसले आहे. त्याच्या तोंडाशी राजवाड्याचा चौक असून त्यात राजा तिसरा सिगिस्मुंड याचा स्तंभ आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस याच राजाने आपला दरबार क्राकूव्हहून वॉर्साला हलविला. त्याच्या मुलाने १६४४ मध्ये हा स्तंभ उभारला. शेजारीच राजवाडा आहे. युरोपातील आरंभीच्या लिखित राज्यघटनांपैकी एक, म्हणजे ३ मे १७९१ ची पोलिश राज्यघटना, याच वास्तूत संमत झाली. पुढे गेले की सेंट जॉनचे प्रधान मंदिर, त्यापुढे बाजारचौक आणि शेवटी विटांचा गोल बुरूज असलेले तटबंदीचे द्वार लागते.

राजवाड्यापासून दक्षिणेकडे जुना राजमार्ग निघतो. त्यावर होली क्रॉस चर्च आहे. संगीतकार शोपँ १८४९ मध्ये पॅरिसला निवर्तला. त्याचा देह तेथेच विसावला, पण त्याचे हृदय मायभूमीला आणले गेले आणि ते या चर्चच्या एका खांबात ठेवलेले आहे. युद्धकाळात ते तेथून हलविले होते. १९४५ मध्ये परत आणले. राजमार्गाने आणखी पुढे गेल्यावर वाझ्येंकी उद्यानात शोपँचा पुतळा दिसतो. तो १९२६ मध्ये बसविला, १९४० मध्ये जर्मनांनी फोडला आणि १९५८ मध्ये पुन्हा उभा राहिला. या शहरात जवळजवळ प्रत्येक स्थळाला अशा तीन तारखा आहेत : बांधल्याची, पाडल्याची आणि पुन्हा बांधल्याची. वॉर्साचे प्रवासवर्णन म्हणूनच इतर शहरांच्या वर्णनाहून निराळे होते.

पाडण्याची हकीकत थोडक्यात सांगतो. १७ सप्टेंबर १९३९ रोजी बाँबच्या माऱ्यात राजवाडा पेटला आणि मनोऱ्यावरचे घड्याळ सव्वाअकरा वाजता बंद पडले. १९४० मध्ये शहरातील ज्यूंना भिंती घालून एका भागात कोंडण्यात आले. त्यांची संख्या चार लाखांहून अधिक होती. १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांपैकी अडीच लाखांहून अधिक लोकांना ट्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत नेऊन मारले. १९ एप्रिल १९४३ रोजी उरलेल्यांनी शस्त्र उचलले. तो उठाव चिरडून सारी वस्ती जमीनदोस्त करण्यात आली. १ ऑगस्ट १९४४ ला संपूर्ण शहर उठले. ६३ दिवस झुंज चालली. दीड लाखांहून अधिक नागरिक मेले. पराभवानंतर उरलेल्या नागरिकांना शहराबाहेर हाकलून जर्मन तुकड्यांनी रस्त्यामागून रस्ता पद्धतशीरपणे जाळला आणि सुरुंगांनी उडविला. ऐतिहासिक भागाचे पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक बांधकाम नष्ट झाले. युद्धात शहरे उद्ध्वस्त होतच असतात. येथे मात्र लढाई संपल्यावर, एका राष्ट्राची स्मृती पुसून टाकण्यासाठी शहर पाडले गेले. हा फरक ध्यानात ठेवला नाही तर पुढची गोष्ट उमगत नाही.

जानेवारी १९४५ मध्ये शहर मुक्त झाले तेव्हा राजधानी दुसरीकडे न्यावी, असाही विचार पुढे आला होता. तो मागे पडला. फेब्रुवारीत राजधानी पुनर्रचना कार्यालय स्थापन झाले आणि 'सारे राष्ट्र आपली राजधानी उभारीत आहे' अशी घोषणा झाली. पण जे उरलेच नाही ते उभारायचे कशावरून?

याचे उत्तर दोन ठिकाणी मिळाले. अठराव्या शतकात बेर्नार्दो बेलोत्तो हा व्हेनिसचा चित्रकार पोलंडच्या राजाच्या पदरी होता. वॉर्सामध्ये तो आपल्या प्रसिद्ध मामाच्या, कानालेत्तोच्या, नावानेच ओळखला जाई. त्याने शहरातील रस्त्यांची आणि इमारतींची अतिशय बारकाईने चित्रे काढली होती. ती युद्धातून बचावली आणि पावणेदोनशे वर्षांनंतर गवंड्यांच्या उपयोगी पडली! दुसरा आधार विद्यार्थ्यांचा. वॉर्साच्या तंत्रविद्यापीठातील वास्तुशास्त्राच्या प्राध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी जुन्या इमारतींची मोजमापे घेऊन आराखडे केले होते. जर्मन अमलातही हे काम लपूनछपून चालू राहिले. शहर पाडले जात असताना ते कागद बाहेर काढून पिओत्रकूव्ह येथील एका मठात दडविण्यात आले. या कामात पुढाकार घेणारे यान झाख्वातोविच हे प्राध्यापक पुढे पुनर्रचनेचेही एक प्रमुख शिल्पकार ठरले. परीक्षेपुरत्या वह्या भरणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे.

बाजारचौक २२ जुलै १९५३ रोजी खुला झाला. राजवाड्याला मात्र १९७१ पर्यंत वाट पाहावी लागली. तो देशातील आणि परदेशी पोलिश लोकांच्या देणग्यांतून उभा राहिला. अवशेषांतून वाचविलेले कोरीव तुकडे नव्या भिंतींत बसविले गेले. १९ जुलै १९७४ रोजी मनोऱ्यावरचे घड्याळ सुरू झाले, तेही बरोबर सव्वाअकरा वाजता! १९८४ मध्ये राजवाडा लोकांसाठी उघडला.

आता वर्गातला आक्षेप. हे शहर नक्कल आहे काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर काही अंशी आहे. घरांचे दर्शनी भाग जुने दिसले तरी आत नव्या सोयींची बिऱ्हाडे झाली. एकोणिसाव्या शतकात मागच्या अंगणांत झालेली दाटीची बांधकामे पुन्हा उभारलीच नाहीत. काही ठिकाणी १९३९ मधल्या घरापेक्षा बेलोत्तोच्या चित्रातले घर पसंत केले गेले. शिवाय विटांची टंचाई भागविण्यासाठी व्रोत्सवाफसारख्या शहरांतील पडक्या इमारतींच्या विटा आणल्या गेल्या. म्हणजे एका शहराचे जखमी अंग दुसऱ्याला लावले गेले. आणि ज्यूंची वस्ती तर पुन्हा बांधलीच नाही. तिच्या ढिगाऱ्यावर मुरानूव्ह ही नवी वसाहत उभी राहिली. तेथे १९४८ पासून ज्यू वीरांचे स्मारक आहे; त्यापुढे ७ डिसेंबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट यांनी गुडघे टेकले. जे लोकच उरले नाहीत त्यांचे घर कोणी आणि कोणासाठी बांधायचे? वॉर्सा पाहणाऱ्याने बाजारचौकाइतकाच वेळ येथेही द्यावा.

तरीही १९८० मध्ये युनेस्कोने जुन्या वॉर्साला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, ते पुनर्रचनेचे असामान्य उदाहरण म्हणूनच. माझ्या अल्पमतीप्रमाणे ते योग्य झाले. नक्कल करणारा मूळ वस्तू असल्याचा आव आणतो. वॉर्साने तो आणला नाही. सिगिस्मुंडच्या जुन्या स्तंभाचे तुटके तुकडे राजवाड्याच्या कडेला आडवे ठेवले आहेत, ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावेत म्हणून. आपले घर पडले हे न लपविता ते पुन्हा बांधणे, ही फसवणूक नव्हे.

शेवटी घराजवळची एक गोष्ट. दिवाळीच्या कपड्यांसाठी आपण कोल्हापूरकर गांधीनगरला जातो. १९४३ ते १९४८ या काळात त्याच भागात वळिवड्याची छावणी होती आणि तीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुले. सोव्हिएत राजवटीने त्यांना पूर्व पोलंडमधून हद्दपार केले होते. इराणमार्गे ते इकडे आले. वॉर्सा जळत होते तेव्हा ही मुले पंचगंगेच्या मुलुखात शाळेत जात होती. युद्ध संपल्यावर त्यांचा प्रदेश सोव्हिएत संघाकडेच राहिला. त्यामुळे अनेकांना परतायला घर उरले नाही. ते गेल्यावर फाळणीने बेघर झालेले सिंधी बांधव त्याच बराकींत आले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ आहे आणि वॉर्सामध्ये वळिवडे-कोल्हापूर छावणीचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे आदरांजली वाहिली.

वॉर्साला जाण्याचा योग आपल्यापैकी किती जणांना येईल, कोण जाणे. परंतु महावीर उद्यान तर पायी जाण्यासारखे आहे. मागच्या बाकावरच्या मित्राला मी तेथे येण्याचे निमंत्रण दिले आहे. उरलेला वाद आम्ही त्या स्तंभाशेजारी बसून पुरा करणार आहोत.