भूक आवरत नाही, दोष कुणाचा?

"जरा तोंड आवरा की!" स्थूल माणसाला हे वाक्य घरात, पाहुण्यांत, कधी सहभोजनाच्या पंगतीतही ऐकावे लागते. दुसरीकडे, कातकरी वाडीवर एखादे किडकिडीत मूल दिसले की आपण चटकन त्याच्या हाती बिस्किटाचा पुडा ठेवतो. दोन्ही वेळी आपला हेतू चांगलाच असतो. पण भूक शरीरात कशी लागते आणि कशी शमते हे समजून घेतले, तर दोन्ही वेळी आपण थोडे वेगळे वागू.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. भुकेचा कारभार तिथे चालतो. जठर, आतडी, स्वादुपिंड आणि अंगातली चरबी रक्तावाटे त्याला सतत निरोप पाठवत असतात. हे निरोप नेणारी रसायने म्हणजे संप्रेरके, अर्थात हार्मोन्स.

'भूक लागली' हा निरोप मुख्यतः घ्रेलिनचा. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी ते शोधले. ते जठरात तयार होते, जेवणाच्या वेळेआधी वाढते आणि जेवल्यावर उतरते. रोज सकाळी दहाला पेज पिणाऱ्याला बरोबर दहाच्या सुमाराला भूक लागते, त्यामागे हेही एक कारण आहे. 'आता पुरे' हा निरोप आतड्यातून येतो. अन्न तिथे पोहोचले की जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरके सुटतात. त्याला काही मिनिटे लागतात. म्हणून भराभर जेवणारा पोट भरल्याचे कळण्याआधीच जास्त खाऊन बसतो.

तिसरा निरोप लेप्टिनचा. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी ते शोधले. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडतात आणि साठा किती आहे ते मेंदूला कळवतात. मग स्थूल माणसाला भूक कमी लागायला हवी. त्याच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतेही, पण मेंदू त्याला पूर्वीसारखी दाद देत नाही. उलट वजन घटू लागले की लेप्टिन झपाट्याने उतरते आणि मेंदूला वाटते, दुष्काळ आला! ऑस्ट्रेलियात ५० स्थूल व्यक्तींचे वजन आहाराने उतरवून वर्षभरानंतर तपासले, तेव्हाही त्यांचे घ्रेलिन चढलेले होते आणि भूक पूर्वीपेक्षा जास्त होती. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी केलेले वजन पुन्हा वाढते तेव्हा सगळा दोष त्या माणसाच्या मनोनिग्रहाला देणे अन्यायाचे आहे.

आपण काय खातो, त्यावरही हे निरोप अवलंबून असतात. प्रथिने आणि चोथा असलेले अन्न पोटात जास्त वेळ राहते आणि 'पुरे' म्हणणारी संप्रेरके चांगली सुटतात. कुळथाची पिठी, तारली-बांगडा, नाचणीची भाकरी, पावसाळ्यातला टाकळा हे आपल्याकडचे असे अन्न. नुसता पाव, बिस्किटे, फरसाण आणि गोड थंड पेये यांत प्रथिने व चोथा कमी. ती पटापट खाल्ली जातात आणि थोड्याच वेळात पुन्हा भूक लागते. अमेरिकेतील २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० जणांना दोन आठवडे कारखान्यातले तयार पदार्थ व दोन आठवडे घरगुती पद्धतीचे अन्न हवे तेवढे खाऊ दिले. तयार पदार्थांच्या काळात त्यांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या.

आता वाडीवरच्या त्या किडकिडीत मुलाकडे वळू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी सुमारे २.७ किलोची, तर इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळे लहान आणि रोड, पण त्यांच्या अंगावर स्नायूंच्या मानाने चरबी जास्त आढळली. ज्या मातांनी गरोदरपणी पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त घेतले, त्यांची बाळे अधिक वजनाची होती. म्हणजे ज्या मुलाला आज आपण कुपोषित म्हणतो, त्यालाच पुढे नुसती साखर-मैद्याची सवय लागली, तर स्थूलता आणि मधुमेह यांचा धोका अधिक. उपासमार आणि लठ्ठपणा ही दोन टोके नाहीत, ती एकाच घरात नांदू शकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे २१ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या आणि सुमारे २३ टक्के जास्त वजनाच्या आढळल्या.

कातकरी कुटुंबांच्या जुन्या आहारात कंद, रानभाज्या, ओढ्यातले मासे आणि खेकडे असत. मजुरीसाठी गाव सोडून भटकणाऱ्या घराला आज दुकानातला पाच रुपयांचा पुडा सोयीचा पडतो. त्यात आपण आणखी पुड्यांची भर घालू नये. वाडीवर किंवा वसतिगृहात खाऊ न्यायचा असेल तर भाजलेले शेंगदाणे, चणे, अंडी, केळी न्यावीत. शिधा द्यायचा असेल तर तांदळाबरोबर कुळीथ, नाचणी आणि डाळ असू द्यावी. गरोदर मातेच्या ताटाकडे तर सर्वांत आधी पाहावे.

आपल्या मंडळीत कुणी वजनाशी झगडत असेल, तर त्याला टोमणा न मारता डॉक्टरांकडे जायला सोबत करावी. जीएलपी-१ सारखे काम करणारी इंजेक्शने आता भारतातही मिळतात, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची. आणि पुढच्या सहभोजनात वाढणाऱ्याने "अजून एक घ्याच" असा आग्रह थोडा कमी करावा. आतड्यातला निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला तेवढी सवड मिळू द्या.