देव्हाऱ्यातली चांदीची नाणी मोडीत घालण्याआधी

गेल्या दिवाळीआधी आम्ही रेडिओच्या खोलीत सतरंजी अंथरली आणि गटातल्या सगळ्याजणींना सांगितलं, घरातली चांदीची नाणी घेऊन या. कुणी देव्हाऱ्यातून आणली, कुणी सासूबाईंच्या डब्यातून. त्या दिवशी आमच्यातली एक जण मात्र रिकाम्या हातानं आली होती. मुलीच्या फीसाठी तिनं सासूबाईंची अकरा नाणी मोडीत दिली होती. सराफानं सगळी एकदम काट्यावर टाकली, सगळ्यांवर सारखीच घट धरली आणि पैसे हातात ठेवले. घरी वजन केलेलं नव्हतं, नाण्यांवर काय लिहिलंय तेही वाचलेलं नव्हतं. एकावर मुंबईच्या कुठल्यातरी पेढीचं नाव होतं, एवढंच तिला आठवत होतं. आता विचारायचं तरी कुणाला? म्हणून आजचा विषय हा.

सतरंजीवर आम्ही नाण्यांचे दोन ढीग केले. पहिला ढीग सरकारी नाण्यांचा, म्हणजे राणीछाप आणि राजाछाप रुपये. यांचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. १९३९ पर्यंतच्या रुपयात सुमारे ९२ टक्के चांदी असते. १९४० पासूनच्या रुपयात ती निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. तेव्हा साल वाचल्याशिवाय राजाछाप रुपये एका भावात देऊ नका.

दुसरा ढीग मोठा होता. एका बाजूला लक्ष्मी किंवा गणपती, दुसऱ्या बाजूला दुकानाचं, पेढीचं नाहीतर कारखान्याचं नाव. यांना आपण नाणी म्हणतो, पण नाणं पाडायचा अधिकार फक्त सरकारला आहे. या खाजगी चकत्या. त्यांच्यावर रुपयांत किंमत नसते, असतं ते वजन, कस आणि पाडणाऱ्याचं नाव. पूर्वी मुंबईच्या सराफी पेढ्या आपलं नाव छापून तोळ्याच्या चकत्या काढत. सोन्याच्या अशा चकत्यांवरची मणिलाल चिमणलाल, नारणदास मनोरदास ही नावं संग्राहक आजही ओळखतात. तेव्हा छापलेलं नाव हीच खात्री असायची.

अमेरिकेतही अशा चकत्या निघतात. तिकडे त्यांना 'राउंड' म्हणतात आणि वजन बहुधा एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम असतं. १९७० च्या दशकात तिथल्या लहानमोठ्या खाजगी टांकसाळींनी त्या भरपूर काढल्या. जानेवारी १९८० मध्ये चांदीचा भाव औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेला आणि लोकांनी चांदीच्या वस्तू ढिगानं वितळवायला दिल्या. म्हणूनच छोट्या, बंद पडलेल्या टांकसाळींच्या उरलेल्या चकत्या लोक आज शोधत फिरतात. आपल्याकडेही बंद पडलेल्या पेढीची चकती मुशीत गेली की तिचं नाव तिच्याबरोबर संपतं.

मग करायचं काय? आधी उजेडात धरून वाचा. ९९९, ९९० असा आकडा, नाव, गाव, साल, जे दिसेल ते वहीत लिहा. दोन्ही बाजूंचा फोटो काढा. मग प्रत्येक नाणं वेगळं तोला. दोन दशांशांपर्यंत ग्रॅम दाखवणारा छोटा काटा गटात एक असला तरी पुरतो.

त्याच काट्यावर पाण्याची परीक्षाही होते. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्यानं नाण्याच्या वजनाला भागा. शुद्ध चांदी असेल तर उत्तर साडेदहाच्या आसपास येतं. म्हणजे २० ग्रॅमच्या नाण्याला काटा १.९ दाखवेल. जर्मन सिल्व्हर असेल तर २.३ च्या आसपास दाखवेल. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी अजिबात नसते. ही घरची परीक्षा झाली. शेवटचा निकाल टंच काढणाऱ्याचाच.

नाणं काळं पडलं म्हणून राखेनं, टूथपेस्टनं किंवा रांगोळीनं घासू नका. काळेपणा हवेतल्या गंधकाचा असतो, पण घासलं की अक्षरं जातात ती कायमची. संग्राहकाला न घासलेलंच नाणं हवं असतं. रबरबँड लावून ठेवू नका, त्यातही गंधक असतं. मऊ सुती कापडात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा.

आता सावधगिरीचं. एका बाजूला राम-सीता आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, १८१८ असं लिहिलेलं नाणं लाखाला जातं, असं कुणी सांगेल. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नव्हतं. 'तुमचं नाणं विकून देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा' असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. आपलं नाव वापरून होणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं.

खरं सांगायचं, तर बहुतेक खाजगी चकत्यांना धातूचाच भाव मिळतो. नाव दुर्मीळ असेल आणि नाणं चांगल्या स्थितीत असेल तरच वरचे पैसे मिळतात. पण धातूचा भाव तरी पुरता मिळायला हवा. म्हणून विकायची वेळ आलीच तर दोन-तीन ठिकाणी विचारा. प्रत्येक नाणं वेगळं तोलायला लावा, घट किती आणि कशाची ते विचारा, आणि पावती घ्या. नवं घेतानाही पावतीवर वजन, कस आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या.

आमच्या त्या मैत्रिणीनं आता वही केली आहे. पहिल्या पानावर तिच्या आईनं दिलेलं एकच नाणं आहे, वजन ९.९ ग्रॅम. नाव अर्धवट झिजलंय, पण जेवढं वाचता आलं तेवढं तिनं लिहून ठेवलंय. या आठवड्यात तुम्हीही डबा उघडा, पहिलं पान लिहा. काय वाचायला मिळालं ते आम्हाला जरूर कळवा.