आपली माहिती, दुसऱ्याचा प्रबंध

दारावर सर्व्हेची बाई येते. वय, जात, धर्म, मुले किती, आजार कोणते, सारे विचारते. बोट टोचून रक्ताचा थेंब घेते आणि पुढच्या घरी जाते. त्या माहितीचे पुढे काय होते? गोळा करणारे एक आणि त्यावर निबंध छापणारे दुसरेच, असे आज सर्रास चालते. मग छापण्याची परवानगी कोणाची?

अमेरिकेतील हवासुपाई या आदिवासी जमातीला हा प्रश्न कोर्टात न्यावा लागला. ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यन नावाच्या अफाट दरीच्या पोटात त्यांचे सुपाई गाव आहे. जमात जेमतेम साडेसहाशे लोकांची, आणि मधुमेहाने पोखरलेली. १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांचे रक्त घेतले. आजाराचे मूळ सापडेल या आशेने दोनशेहून अधिक जणांनी हात पुढे केले. २००३ साली जमातीतील एक महिला विद्यापीठात एका प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला जाऊन बसली. तिथे तिला कळले की, त्याच रक्तावर भलतेच काम चालले आहे. स्किझोफ्रेनिया हा मनोविकार, नात्यातल्या नात्यात झालेली लग्ने, पूर्वज कोठून आले, असे विषय त्यावर अभ्यासले गेले होते. संमतीपत्रावर 'वर्तनविषयक व वैद्यकीय विकार' असे मोघम शब्द होते. मोघम शब्दांचा फायदा नेहमी लिहिणाऱ्यालाच होतो, हे आम्हा कारकुनांना कोणी शिकवायला नको! नावे वगळली म्हणावे, तर एवढ्याशा जमातीत लपणार काय? अखेर २०१० साली तडजोड झाली. ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर मिळाले आणि उरलेले रक्त जमातीला परत देण्यात आले.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यानुसार संशोधन सुरू होण्यापूर्वी नैतिकता समितीपुढे यावे लागते. समितीत ७ ते १५ सदस्य, अध्यक्ष संस्थेबाहेरचा आणि एक सामान्य नागरिकही. नावे काढलेली, सर्वांना खुली असलेली माहिती वापरायची असेल तर सूट मिळू शकते. पण ती सूट समितीने द्यायची, संशोधकाने स्वतःच घ्यायची नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ पासून होत आले आहे. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने ते चालविले. त्याची नावे वगळलेली माहिती अभ्यासकांना मिळते, आणि त्यावर देशोदेशी निबंध निघतात. म्हणून सर्व्हेच्या बाईला दारातून परत पाठवा, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. त्या तक्त्यांत अनुसूचित जाती वेगळ्या दिसतात, बौद्धही वेगळे दिसतात. आपल्या बायांच्या अंगात रक्त कमी आहे हे सरकारपुढे आकड्यांनीच मांडावे लागते.

मात्र संशोधनाच्या कागदावर सही वा अंगठा करण्यापूर्वी विचारावे. ही माहिती दुसऱ्या कोणाला देणार का? दुसऱ्या कामासाठी वापरणार असाल तर पुन्हा विचारायला याल का? वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोरीकडून तो कागद मोठ्याने वाचून घ्यावा. तक्रार करायची झाल्यास समितीचा पत्ता व फोन त्यावर असायला हवा, आणि एक प्रत आपल्या हाती.